मूल सांगतं तेव्हा : बाल लैंगिक अत्याचाराबद्दल इंदूरच्या मराठी घरांतून येणारे प्रश्न

मी इंदुरात सपोर्ट पर्सन म्हणून काम करते. बालकल्याण समिती (मुलांच्या संरक्षणाचे निर्णय घेणारी जिल्ह्याची समिती) नेमते ती ही व्यक्ती, पोलीस थान्यापासून कोर्टापर्यंत मुलासोबत राहणारी. रामबाग, लोकमान्य नगर भागांतल्या मराठी घरांतून फोन येतो तो बहुतेक रात्री, घर निजल्यावर. बोलणं हिंदीत सुरू होतं. मी मराठी आहे हे कळलं की पलीकडचा आवाज एकदम खाली येतो आणि मग तेच ते प्रश्न निघतात. ते इथे लिहून ठेवते आहे. मुलांच्या गोष्टींतले ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

मूल या क्षणी धोक्यात असेल तर वाचत बसू नका. ११२ (पोलीस आणि तातडीची मदत) किंवा १०९८ (मुलांची हेल्पलाइन) लावा, दोन्ही चोवीस तास चालतात.

मूल खरं सांगतंय हे कशावरून?

लहान मुलाला जे ठाऊकच नसतं ते ते रचून सांगू शकत नाही. एवढं धरून चाला आणि त्याला दोन वाक्यं म्हणा: "तू सांगितलंस ते बरं केलंस. यात तुझी काही चूक नाही." शहानिशा करणं पोलिसांचं आणि कोर्टाचं काम आहे, आईबापांचं नाही.

मुलं एकदम सांगत नाहीत, आधी चाचपून बघतात. एका मुलीनं आईला विचारलं होतं, "आई, बाबांच्या त्या मित्रांना मी काका नाही म्हटलं तर चालेल?" आई पोळ्या लाटत होती. "असं नाही म्हणू, मोठे आहेत," म्हणाली. पुढचं सांगायला त्या मुलीला आठ महिने लागले. त्या आईचा दोष नाही, आपण सगळ्यांनी असंच उत्तर दिलं असतं. पण मूल एखाद्या माणसाकडे जायला नको म्हणत असेल तर "का रे?" एवढं नक्की विचारावं.

"आमच्याकडे असं होत नाही" हेही वारंवार ऐकते. केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयानं २००७ मध्ये १३ राज्यांतल्या १२,४४७ मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात मध्य प्रदेशही होता. ५३.२२ टक्के मुलांनी कोणत्या ना कोणत्या प्रकारचा लैंगिक अत्याचार झाल्याचं सांगितलं, आणि अत्याचार करणाऱ्यांत सुमारे निम्मे मुलाच्या ओळखीचे, विश्वासातले होते.

मी त्याच्याकडून सगळं नीट विचारून घेऊ का?

नाही. तो आपणहून सांगेल तेवढं ऐका. मग त्याचेच शब्द, तारीख आणि वेळ घालून, कागदावर उतरवा. "शूची जागा" म्हणाला असेल तर "शूची जागा"च लिहा, सुधारून लिहू नका. आई, मग आजी, मग मामा असं चार जणांनी चार वेळा विचारलं की मुलाला वाटतं, आपलं उत्तर चुकतंय, आणि ते उत्तर बदलतं. पुढे तोच बदल त्याच्याविरुद्ध वापरला जातो.

मोबाइलवर व्हिडिओ करून घरच्या ग्रुपवर टाकणं तर अजिबात नको. आणि त्या माणसाला समोर बोलावून "हिच्यासमोर सांग" असं कधीच करू नका.

आंघोळ घातली, कपडे धुतले. आता दवाखान्यात जाऊन उपयोग आहे का?

आहे. पुरावा ९६ तासांपर्यंत मिळू शकतो, म्हणून कपडे धुतले नसतील तर कागदी पिशवीत ठेवा, प्लास्टिकमध्ये नको. पण दवाखाना काही फक्त पुराव्यासाठी नसतो. एचआयव्ही टाळण्याची औषधं ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात आणि २८ दिवस घ्यावी लागतात. वयात आलेल्या मुलीला गर्भधारणा टाळण्याची गोळी जितकी लवकर तितकी बरी, फार तर पाच दिवसांत. महिने उलटले असले तरी तपासणी करून घ्या. मुलाच्या मनात "माझं शरीर बिघडलंय का" हा प्रश्न असतो आणि त्याचं उत्तर डॉक्टरच्या तोंडून मिळालेलं बरं.

एम.वाय. (इंदूरचं सरकारी महाराजा यशवंतराव रुग्णालय) असो की एखादा खासगी दवाखाना, प्रथमोपचार ताबडतोब आणि मोफत द्यावेच लागतात. "आधी एफआयआर आणा" असं म्हणता येत नाही. मुलीची तपासणी महिला डॉक्टरच करते, आई किंवा मुलीच्या विश्वासाचं माणूस शेजारी असतं, आणि संमती घेतल्याशिवाय हात लावता येत नाही. तपासणीला नकार दिला तरी उपचार थांबत नाहीत. दोन बोटांची तपासणी, म्हणजे योनीत बोटं घालून केली जाणारी, सुप्रीम कोर्टानं २०१३ मध्ये चुकीची ठरवली आणि २०२२ मध्ये, ती करणारा डॉक्टर गैरवर्तणुकीचा दोषी धरला जाईल, असं बजावलं.

"अहवालात काही निघालं नाही" म्हणून हबकून जाऊ नका. अत्याचार झालेल्या बहुतेक मुलांच्या शरीरावर खूण सापडतच नाही.

मनावर नेमकं काय होतं? आमचा तर हसतो, खेळतो.

नऊ वर्षांचा एक मुलगा मे महिन्यात, पारा चाळीसच्या वर असताना, क्लासला जाताना आत दोन चड्ड्या घालायचा आणि वरून पट्टा शेवटच्या भोकापर्यंत आवळायचा. रात्री चादरीची टोकं पायाखाली दाबून घ्यायचा. दिवसा क्रिकेट, हसणं, सगळं जागेवर. घरात कुणालाच शंका आली नाही. तो बरा आहे असं दिसत होतं, कारण त्याची सगळी ताकद तसं दिसण्यातच जात होती.

धोका टळला तरी शरीर पहाऱ्यावरच राहतं. दचकणं, झोपेत ओरडणं, सुटलेलं अंथरूण ओलं करणं पुन्हा सुरू होणं, सोनोग्राफीत काही न निघणारी पोटदुखी, अभ्यास एकदम घसरणं, खेळात तोच प्रसंग पुन्हा पुन्हा येणं, वयाला न शोभणारं लैंगिक बोलणं, मोठ्या मुलांत हातावर ब्लेडच्या रेघा. काहींच्यात यातलं एकही दिसत नाही. काही वर्षांनी, लग्न ठरताना किंवा स्वतःचं मूल त्या वयाचं झाल्यावर, सगळं वर येतं.

सर्वांत जास्त जखम करणारा प्रश्न घरातूनच येतो: "तू ओरडली का नाहीस?" भीतीनं वाचा बसते, दातखीळ बसते, हातपाय गळतात, हे आपल्या आज्यांना माहीत होतं. तेच इथे होतं. गोठून जाणं ही शरीराची स्वतःला वाचवण्याची रीत आहे, ती संमती नव्हे.

आणखी एक गोष्ट, जी मुलं महिनोन्महिने सांगत नाहीत. स्पर्शाला शरीरानं प्रतिसाद दिला असेल तर मुलाला वाटतं, म्हणजे मलाच हवं होतं. त्याला सांगावं: नको असताना गुदगुल्या केल्या तरी हसू येतंच, त्यात हसणाऱ्याचा काय गुन्हा?

डेव्हिड फिंकेलहॉर आणि अँजेला ब्राउन या संशोधकांनी १९८५ मध्ये या आघाताच्या चार बाजू मांडल्या: विश्वासघात, हतबलता, कलंक, आणि लैंगिकतेची चुकीच्या वयात, चुकीच्या रीतीनं झालेली ओळख. माझ्या अनुभवात मुलं विश्वासघातानं आधी मोडतात, आणि तो विश्वासघात कधी कधी अत्याचार करणाऱ्याचा नसतो, ऐकून गप्प बसलेल्याचा असतो.

आमचा मुलगा आहे. हा कायदा मुलींसाठी ना?

पॉक्सो, म्हणजे लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण अधिनियम, २०१२, अठरा वर्षांखालच्या प्रत्येक मुलाला लागू आहे. मुलगा, मुलगी, तृतीयपंथी, सगळ्यांना. "मर्द आहेस, रडतोस काय" हे वाक्य मात्र घरातून कायमचं बंद करा.

उपचार म्हणजे काय करतात? गोळ्या देतात का?

आधी गोळ्या नाहीत. या आघातावर मुलांसाठी सर्वांत भक्कम आधार असलेला उपचार बोलण्याचा आहे, आघातावर केंद्रित वर्तनोपचार, तज्ज्ञ त्याला टीएफ-सीबीटी म्हणतात. जुडिथ कोहेन, अँथनी मॅनारिनो आणि एस्थर डेब्लिंजर यांनी तो घडवला. साधारण १२ ते १६ भेटी, गुंतागुंत असेल तर जास्त. पहिल्या भेटींत झालेल्या गोष्टीचा विषयही निघत नाही. श्वास कसा संथ करायचा, अंग ढिलं कसं सोडायचं, राग आणि लाज यांतला फरक कसा ओळखायचा, हे शिकवतात. मूल सावरलं की त्याच्या गतीनं, थोडी थोडी करून, घडलेली गोष्ट ते बोलतं, लिहितं किंवा चितारतं. पुन्हा सांगून जखम उकरली जाते अशी भीती पालकांना असते. खरं तर सुरक्षित जागी, शिकलेल्या माणसासमोर सांगितलं की त्या आठवणीचा दरारा उतरतो. ईएमडीआर ही डोळ्यांच्या हालचालींची पद्धतही जागतिक आरोग्य संघटनेनं या आघातासाठी मान्य केली आहे. पाच-सहा वर्षांच्या मुलांसोबत बाहुल्या, माती, रंग यांतून काम होतं.

यात आईबापांच्या वेगळ्या भेटी असतात. त्या टाळू नका. मी पाहिलेल्या मुलांत लवकर सावरली ती, ज्यांच्या घरातलं किमान एक मोठं माणूस नियमानं येत राहिलं.

झोप अजिबात नसेल, नैराश्य किंवा जीव देण्याचे विचार असतील तर मानसोपचारतज्ज्ञ औषध देतात, आणि ते घ्यावं. मेडिकलवरून झोपेची गोळी आणून देणं मात्र धोक्याचं. इंदुरात एम.वाय.चा मानसोपचार विभाग आणि बाणगंगेचं सरकारी मानसिक रुग्णालय आहे. "बाणगंगा" म्हटलं की लोक नाक मुरडतात, म्हणून मुद्दाम सांगते: तिथे जाणं म्हणजे वेड लागणं नाही. घरून बोलायचं तर टेली मानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, १४४१६, मोफत.

उपचार केस सुरू होण्याची वाट बघत नाहीत, आणि संपण्याचीही नाही. पॉक्सोच्या २०२० च्या नियमांत तातडीच्या वैद्यकीय मदतीसोबत समुपदेशनाकडे पाठवणंही धरलेलं आहे.

समुपदेशक मराठी हवा का?

मुलाला विचारा. बहुतेकांना घरची भाषा हवी असते. पण अत्याचार करणारा घरातलाच असेल तर ते सगळं मराठीतच घडलेलं असतं आणि शब्दच चटका देतात. अशी काही मुलं शाळेतल्या हिंदीत मोकळी होतात. एका मुलीनं आठ भेटी हिंदीत बोलून नवव्या भेटीत पहिलं वाक्य मराठीत म्हटलं. ते वाक्य होतं, "मला राग आलाय."

तक्रार करावीच लागते का? आम्हाला फक्त मुलीला बरं करायचंय.

कायद्यानं करावी लागते. पॉक्सोच्या कलम १९ नुसार माहिती असलेल्या प्रत्येकानं ती पोलिसांना द्यायची असते. न दिल्यास कलम २१ प्रमाणे सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. संस्थेच्या प्रमुखानं आपल्या हाताखालच्या माणसाचा गुन्हा दाबला तर एक वर्षापर्यंत. डॉक्टर आणि समुपदेशकही यातून सुटत नाहीत. मुलावर मात्र न सांगितल्याबद्दल कधीच कारवाई होत नाही. प्रामाणिकपणे दिलेली माहिती सिद्ध झाली नाही म्हणून देणाराही अडकत नाही.

हे मुलापासून लपवू नका. "मी कुणाला सांगणार नाही" असं वचन देऊन मग थान्यात नेलं तर दुसऱ्यांदा विश्वास तुटतो. "ज्यांना सांगितल्याशिवाय तुला वाचवता येणार नाही त्यांनाच सांगेन" असं म्हणा.

थान्यात "आवेदन दे जाओ, जांच करेंगे" म्हणाले.

आवेदन म्हणजे एफआयआर नव्हे. दखलपात्र गुन्ह्याची माहिती दिली की एफआयआर नोंदवावीच लागते, तिला क्रमांक पडतो आणि प्रत मोफत मिळते. घटना उज्जैनला घडली असली तरी इंदुरातल्या थान्यात झीरो एफआयआर होते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ते स्पष्ट लिहिलं आहे. पोलिसांनी २४ तासांत बालकल्याण समितीला आणि विशेष न्यायालयाला कळवायचं असतं. पॉक्सोच्या गंभीर गुन्ह्यांचा तपास दोन महिन्यांत पुरा व्हावा, असंही त्या संहितेत आहे. मुलाला रात्री थान्यात ठेवता येत नाही.

बयान कोण घेणार? ती हिंदीत नीट बोलत नाही.

मुलीच्या घरी किंवा तिला हव्या त्या जागी, शक्यतो सब-इन्स्पेक्टर किंवा वरच्या दर्जाच्या महिला अधिकाऱ्यानं, साध्या कपड्यांत, तिच्या विश्वासाच्या माणसासमोर. आरोपी आसपासही नको. आणि भाषेचा हक्क कायद्यातच आहे: दुभाषी मागता येतो.

इंदुरात हा मुद्दा फार महत्त्वाचा ठरतो. सात वर्षांची मुलगी म्हणते, "दादानं मला दाबून धरलं." हिंदी कागदावर "दादा" लिहिलं की वाचणाऱ्याला आजोबा वाटतात. असं मी एकदा डोळ्यांनी पाहिलं आहे. ते वेळेवर दुरुस्त झालं, कारण वाचून दाखवताना मुलीच्या मावशीनं थांबवलं. मामा, काका, दादा, भाऊ, आत्या हे शब्द हिंदी कागदावर काय झाले आहेत, ते सही करण्याआधी एकेक करून बघा.

करणारा घरातलाच आहे.

नातेवाइकानं किंवा विश्वासाच्या पदावरच्या माणसानं केलेला लैंगिक हल्ला कायदा अधिक गंभीर धरतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर गंभीर स्वरूपाच्या लैंगिक बलात्कारी हल्ल्याला किमान २० वर्षं सक्तमजुरी आहे, ती जन्मठेप किंवा मृत्युदंडापर्यंत जाते. त्याच छपराखाली मूल राहत असेल तर बालकल्याण समिती तीन दिवसांत ठरवते की त्याला कुठे ठेवायचं, आणि मुलाची इच्छा विचारात घेते. "म्हणजे मुलीला आश्रमात टाकणार" ही भीती बऱ्याच आयांना गप्प ठेवते. आई, आजी, मावशी, कुणीही सुरक्षित ठेवायला उभं असेल तर समितीसमोर ते ठामपणे सांगा.

आता ती म्हणते, काही झालंच नव्हतं.

ती मागे फिरली कारण तिनं पाहिलं: आई रडते, बाबा जेवत नाहीत, आजी बोलत नाही. तिला वाटलं, सगळं माझ्या सांगण्यामुळे झालं, तर मी परत घेते. मनोविकारतज्ज्ञ रोलंड समिट यांनी १९८३ मध्येच हा क्रम मांडला होता: गुपित, असहायता, अडकून जुळवून घेणं, उशिरा सांगणं, आणि शेवटी शब्द मागे घेणं. तिला रागावू नका, वचनात बांधू नका. घरातलं वातावरण निवलं की पुष्कळदा पुन्हा बोलतात.

समाजातले लोक म्हणतात, आपसात मिटवा.

हा खटला आपसात मिटवता येत नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टानं राजस्थानातल्या एका शिक्षकाच्या प्रकरणात समझौत्यावरून केस रद्द करण्याचा निर्णय उलटवला. मिटवणाऱ्यांना एवढंच विचारा की मुलाच्या बाजूनं त्या बैठकीत कोण बोललं.

वकिलाची फी कुठून आणू?

केस सरकारच चालवते, विशेष लोक अभियोजक (सरकारी वकील) असतात. त्याशिवाय मुलाला स्वतःचा वकील ठेवता येतो, परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण मोफत देतं (हेल्पलाइन १५१००).

भरपाईबद्दल कुणी आपणहून सांगत नाही, म्हणून अर्ज करा. एफआयआरनंतर लगेच अंतरिम भरपाई मागता येते. शिक्षा होईपर्यंत थांबायची गरज नाही, आरोपी सुटला किंवा सापडलाच नाही तरीही कोर्ट ती देऊ शकतं. आदेशानंतर ३० दिवसांत पैसे मिळायला हवेत. येण्याजाण्याचा, कपड्यांचा, खाण्याचा तातडीचा खर्च बालकल्याण समितीच्या शिफारशीनं आठवड्यात मिळू शकतो. हे पैसे घेणं म्हणजे "मुलीचा सौदा" नाही. शाळा बुडालेली असते, आईची नोकरी गेलेली असते. ते भरून निघायला हवं.

कोर्टात त्याच्यासमोर उभं राहावं लागेल?

नाही. पडदा, एकतर्फी काच किंवा व्हिडिओ लिंक असते आणि सुनावणी बंद दाराआड होते. आरोपीच्या वकिलानं प्रश्न न्यायाधीशांकडे द्यायचे, न्यायाधीश मुलाला विचारतात. चारित्र्यावर घसरणारे प्रश्न चालत नाहीत, मुलाला मधेमधे विश्रांती मिळते, पुन्हा पुन्हा बोलावलं जात नाही. कोर्टानं दखल घेतल्यापासून ३० दिवसांत मुलाची साक्ष आणि शक्यतो एका वर्षात निकाल, असं पॉक्सोचं कलम ३५ म्हणतं. प्रत्यक्षात पेशीवर पेशी, म्हणजे तारखेवर तारीख, पडते, हे तुम्हाला आधीच सांगून ठेवते, म्हणजे मुलाला "परवा संपेल" असं सांगितलं जाणार नाही.

एका मुलीनं साक्षीच्या दिवशी पाण्याच्या बाटलीचं झाकण मुठीत धरलं होतं. बोलून झाल्यावर तळहातावर गोल वळ उठला होता. परतताना तिनं छप्पन दुकानला पॅटिस मागितली आणि दोन खाल्ल्या.

नाव बाहेर आलं तर?

नाव, फोटो, पत्ता, शाळा, शेजार, ओळख पटेल असं काहीही छापणं किंवा पसरवणं गुन्हा आहे. व्हॉट्सॲप ग्रुपवरचा "सावध राहा" मेसेजही त्यात येतो. आई किंवा बापाचं नावही टाकू नये, त्यावरून मूल ओळखू येतं.

त्यानं फोटो काढलेत, पसरवीन म्हणतो.

फोन पुसू नका, पैसे देऊ नका. १९३० या हेल्पलाइनवर किंवा सायबर क्राइमच्या राष्ट्रीय पोर्टलवर तक्रार करा, थान्यातही द्या. असे फोटो पुराव्यासाठीसुद्धा कुणाला पाठवू नका, फोनच पोलिसांना दाखवा.

माझ्यासोबत लहानपणी झालं होतं. आता सांगून काय उपयोग?

पॉक्सोखाली तक्रारीला मुदत नाही, मोठं झाल्यावरही करता येते. पण हा कायदा १४ नोव्हेंबर २०१२ ला लागू झाला. त्याआधीच्या घटनेला तेव्हाचा कायदा लागतो, म्हणून आधी वकिलाशी बोला. उपचाराला असली कोणतीच तारीख नाही.

मागच्या वर्षी चौसष्ट वर्षांच्या एका काकूंचा फोन आला. नात सात वर्षांची झाली तेव्हापासून त्यांची झोप गेली होती. आजवर त्यांनी नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं. "मला केस नको," म्हणाल्या, "मला फक्त कुणी तरी ऐकायला हवंय." मानसतज्ज्ञांकडे दर गुरुवारी मी त्यांच्यासोबत जायचे. पहिले तीन गुरुवार त्या पिशवीचे बंद हाताला गुंडाळत बसल्या आणि उठल्या. चौथ्या गुरुवारी दारातच मला म्हणाल्या, "आज तू बाहेर बस."